गावाच्या रस्त्यासाठी निधी कसा मागावा: ठरावापासून देखभालीपर्यंतचा योग्य क्रम

ग्रामसभेचा एकमताने झालेला ठराव, त्याखाली गावकऱ्यांच्या सह्या, आमदारांचे शिफारसपत्र, आणि तरीही वर्षानुवर्षे हालचाल नाही, अशी तक्रार महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. अशा प्रकरणांची कागदपत्रे उघडली की कारण बहुधा पहिल्याच पानावर सापडते. रस्त्याचा क्रमांक दिलेला नसतो, मालकी असलेल्या विभागाऐवजी दुसऱ्याच विभागाकडे मागणी केलेली असते, किंवा जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा ठरून गेल्यानंतर अर्ज पोहोचलेला असतो. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, पंचायत समिती व जिल्हा परिषदेचे सदस्य आणि पाठपुरावा करणारे ग्रामस्थ या सर्वांसाठी पुढील टप्पे क्रमाने दिले आहेत. हा क्रम बदलल्यास नंतरच्या टप्प्यावर केलेले कष्ट वाया जातात, म्हणून पहिला टप्पा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये.

टप्पा १: रस्ता कोणाचा आहे ते लेखी ठरवा

राष्ट्रीय महामार्ग सोडल्यास राज्यातील रस्त्यांचे मुख्य वर्ग असे आहेत: प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा), इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा). सर्वसाधारणपणे प्रमुख जिल्हा मार्ग आणि त्यावरील वर्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. गावठाणातील गल्ल्या ग्रामपंचायतीच्या असतात. शेताकडे जाणारे पाणंद रस्ते हा वेगळाच विषय असून तेथे अडवणूक झाली असेल तर तहसीलदाराकडे जावे लागते. बांधावरून नवीन वाट हवी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४३ लागू होते, आणि वहिवाटीचा जुना रस्ता कोणी अडवला असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५. पाणंदीचा वाद घेऊन जिल्हा परिषदेच्या अभियंत्याकडे खेटे घालण्यात अनेकांचा पूर्ण हंगाम जातो.

प्रत्येक नोंदणीकृत रस्त्याला क्रमांक असतो. जिल्ह्याच्या रस्ते विकास आराखड्यात तो क्रमांक, रस्त्याचे नाव, सुरुवातीचे व शेवटचे ठिकाण आणि लांबी दिलेली असते. जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाच्या उपअभियंत्याकडे लेखी अर्ज करून या नोंदीचा उतारा मागावा. तोंडी उत्तरावर थांबू नये, कारण एकाच सलग दिसणाऱ्या रस्त्याचे पहिले तीन किलोमीटर प्रजिमा आणि पुढचे दोन ग्रामा असणे अगदी नेहमीचे आहे.

*सावधान:* रस्ता आराखड्यातच नसेल, तर त्यावर इतर जिल्हा मार्ग वा ग्रामीण मार्गाचा निधी मागता येत नाही. अशा वेळी पहिली मागणी रस्त्याचा आराखड्यात समावेश करून क्रमांक देण्याची असावी. निधीची मागणी त्यानंतर करावी.

टप्पा २: रस्त्यावर आधी काय झाले आहे ते पाहा

मालकी निश्चित झाली की त्या क्रमांकावर गेल्या काही वर्षांत कोणती कामे मंजूर झाली, कोणत्या योजनेतून झाली आणि कंत्राटदाराची जबाबदारी कधी संपते हे तपासावे. हा टप्पा सर्वाधिक वेळा वगळला जातो आणि त्याची किंमत सार्वजनिक पैशातून मोजली जाते.

प्रत्येक कामाच्या निविदेत दोष दायित्व कालावधी नमूद असतो. त्या काळात रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांवर काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांची नियमित देखभाल मूळ करारातच समाविष्ट असते आणि त्याची माहिती देणारा फलक रस्त्यावर लावलेला असतो. फलकावरची तारीख वाचून पाच वर्षे झाली नसतील तर नवा निधी मागू नये. करारातील देखभाल करून घेण्याची लेखी मागणी योजनेच्या कार्यकारी अभियंत्याकडे करावी. याच योजनेच्या तक्रारींसाठी केंद्र सरकारचे ‘मेरी सडक’ हे मोबाइल ॲपही आहे.

माहिती सहज मिळत नसल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. महाराष्ट्रातील नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. ‘रस्त्याबाबतची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिल्यास अर्ज रेंगाळतो. त्याऐवजी रस्त्याचा क्रमांक देऊन कार्यारंभ आदेशाची प्रत, अंदाजपत्रक, काम पूर्णत्वाचा दाखला आणि दोष दायित्व कालावधीची अखेरची तारीख एवढेच मागावे. मोजमाप पुस्तिका, म्हणजे केलेल्या कामाची मापे नोंदवलेली वही, पाहायची असल्यास प्रत मागण्यापेक्षा अभिलेखाचे अवलोकन मागणे सोपे पडते.

*तपासून पाहा:* याच लांबीवर दुसऱ्या योजनेतून काम मंजूर झालेले आहे का? असल्यास तुमचा प्रस्ताव दुबार ठरतो आणि तो परत येतोच. दुबार काम नसल्याचा दाखला प्रस्तावासोबत जोडावा लागतो, त्यामुळे हे आधीच पाहिलेले बरे.

टप्पा ३: रस्ता पायी चालून नोंद करा

शाखा अभियंत्याला सोबत घेऊन रस्ता चालत पाहावा आणि साखळी क्रमांकानुसार, म्हणजे सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरानुसार, नोंद करावी. उदाहरणार्थ ०/००० ते १/२०० सुस्थितीत, १/२०० ते १/८०० डांबर पूर्ण गेलेले व खडी वर आलेली, १/४५० येथील नळमोरी बुजलेली. दुचाकीवरून पाहणी केली की खड्डे दिसतात, पण पाणी कुठून येते व कुठे साचते हे दिसत नाही, आणि रस्ता खराब होण्याचे मूळ कारण बहुधा पाणीच असते.

ग्रामस्थांची मागणी जवळजवळ नेहमी ‘डांबरीकरण करावे’ अशी असते. बाजूचे गटार शेतात मिसळून गेलेले, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झालेली आणि मोरी गाळाने भरलेली असताना वर कितीही चांगला कारपेट टाकला तरी तो एक-दोन पावसाळ्यांत उखडणार. म्हणून मागणीत मोऱ्या, गटारे आणि साइडपट्ट्या आधी लिहाव्यात, भराव व खडीकरण त्यानंतर, आणि डांबर सर्वांत शेवटी. गावठाणातून जाणाऱ्या भागात घरांचे सांडपाणी रस्त्यावर येत असेल तर तेवढ्या लांबीसाठी काँक्रीट आणि बंदिस्त किंवा उघडे गटार असा वेगळा भाग सुचवावा.

रुंदीबाबतही स्पष्टता हवी. ग्रामीण रस्त्यावर डांबरी पृष्ठभाग साधारण ३.७५ मीटर आणि वाहतूक फार कमी असेल तेथे ३ मीटर धरला जातो. ५.५ मीटर रुंदीची मागणी करायची असेल, तर वाहतूक मोजणीचे आकडे, ऊसवाहतूक, एसटीच्या फेऱ्या किंवा दोन बाजारपेठांना जोडणारा दुवा असे कारण कागदावर आणावे लागते.

जागेचा प्रश्न याच वेळी तपासावा. गाव नकाशात रस्ता दाखवलेला आहे का, प्रत्यक्ष रस्ता त्याच रेषेत आहे का आणि कुठे खाजगी जमिनीच्या गटातून जातो का, हे तलाठ्याकडून पाहून घ्यावे. खाजगी जागा लागत असल्यास संबंधित खातेदारांची लेखी संमती पुरेशी मानू नये. नोंदणीकृत दानपत्र किंवा बक्षीसपत्र करून त्याचा फेरफार घेतला नाही, तर पुढच्या पिढीतील वारस काम अडवतात. रस्ता वनजमिनीतून जात असेल तर वन हक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) चा मार्ग गावांसाठी मोठा उपयोगी आहे. ग्रामसभेच्या शिफारशीने, प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागणार नाहीत या अटींवर, रस्त्यासारख्या सुविधेसाठी जमीन वळती करता येते. आदिवासी भागातील अनेक ग्रामपंचायती ही तरतूद माहीत नसल्याने ‘वनविभाग परवानगी देत नाही’ या एका वाक्यावर थांबलेल्या दिसतात.

टप्पा ४: योग्य लेखाशीर्ष निवडा

निधी मागताना ‘शासनाने निधी द्यावा’ या वाक्याला अर्थ नसतो. पैसा लेखाशीर्षांत, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या क्रमांक दिलेल्या सदरांत, विभागलेला असतो आणि एका शीर्षाचा पैसा दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यावर खर्च करता येत नाही.

जिल्हा वार्षिक योजनेत ग्रामीण रस्त्यांचा विकास व मजबुतीकरण ३०५४ या शीर्षाखाली, तर इतर जिल्हा मार्गांचा विकास व मजबुतीकरण ५०५४ खाली येतो. गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे ग्रामविकास विभागाच्या २५१५ या शीर्षातून होतात. गावठाणातील रस्त्यांसाठी ग्रामपंचायत वित्त आयोगाचा अबंधित निधी वापरू शकते, मात्र ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी असावे लागते. पंधराव्या वित्त आयोगात बंधित ६० टक्के हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठी राखीव होता आणि ४० टक्के अबंधित होता. हा फरक न पाहता रस्त्याचे काम बंधित निधीतून सुचवणे ही लेखापरीक्षणात हमखास आक्षेप येणारी चूक आहे.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजना आणि राज्याची २०१५ पासूनची मुख्यमंत्री ग्राम सडक योजना यांत रस्त्यांची निवड स्वतःच्या निकषांवर आणि प्राधान्ययादीवर होते. प्रधानमंत्री योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला असून त्यात देशभरात ६२,५०० किलोमीटर रस्त्यांचे लक्ष्य आहे. मात्र त्याचा भर बारमाही रस्त्याने न जोडलेल्या वस्त्यांवर आहे, म्हणून जोडलेल्याच गावाच्या खराब रस्त्यासाठी तेथे अर्ज करून उपयोग नाही. खासदार व आमदार स्थानिक विकास निधी लहान लांबीसाठी, एखाद्या मोरीसाठी किंवा जोडरस्त्यासाठी चांगला, पण त्यातून पूर्ण रस्ता करण्याचा आग्रह धरल्यास दर वर्षी दोनशे-तीनशे मीटरचे तुकडे होतात आणि शेवटचा तुकडा होईपर्यंत पहिला खराब झालेला असतो. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ यांसारख्या खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडेही मागणी करता येते.

जिल्हा परिषदेचा स्वनिधी, ज्याला बोलण्यात सेस म्हणतात, तो थोडा असतो. तो तातडीच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवण्याचा आग्रह सदस्यांनी धरावा असे माझे स्पष्ट मत आहे.

टप्पा ५: ठराव नेमका लिहा

ग्रामसभा वित्तीय वर्षात किमान चार वेळा घ्यावी लागते आणि गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेली संख्या लागते. उपस्थितीची नोंद नीट नसलेला ठराव पुढे आव्हान दिल्यास टिकत नाही. रस्ता दोन गावांना जोडणारा असेल तर दोन्ही ग्रामसभांचे ठराव जोडावेत. ठरावाचा मजकूर असा असावा:

‘ग्रामीण मार्ग क्रमांक … , मौजे … ते मौजे … , साखळी क्रमांक … ते … , एकूण लांबी … किलोमीटर, या रस्त्यावरील … मोऱ्यांची दुरुस्ती, बाजूच्या गटारांचे खोदकाम, खडीकरण व डांबरीकरण हे काम लेखाशीर्ष … मधून सन … च्या जिल्हा वार्षिक योजनेत समाविष्ट करावे, अशी शिफारस ही ग्रामसभा करते. सदर रस्त्याची जागा … असून त्यावर कोणताही वाद नाही. या लांबीवर अन्य योजनेतून काम मंजूर नाही.’

सूचक व अनुमोदकाचे नाव, ठराव क्रमांक आणि दिनांक नसेल तर तो कागद केवळ पत्र ठरतो. एका ठरावात एकच रस्ता घ्यावा. सात रस्त्यांची यादी एकाच ठरावात दिली की प्राधान्य कोणते हे वरचे कार्यालय ठरवते, आणि तो अधिकार गावाने आपण होऊन सोडून दिलेला असतो.

टप्पा ६: वेळ पाळा

जिल्हा वार्षिक योजनेचा पुढील वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात तयार होतो, राज्यस्तरावर त्याची छाननी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास होते आणि अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. म्हणून परिपूर्ण प्रस्ताव ऑक्टोबरअखेर उपविभागात पोहोचलेला हवा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत केलेला ठराव त्या आराखड्यासाठी उशिरा आलेला असतो, तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतला वेळेत असतो. पावसाळ्यातच रस्त्याची खरी स्थिती दिसते, त्यामुळे पाहणी जुलैमध्ये आणि ठराव ऑगस्टमध्ये हा क्रम सर्वांत सोयीचा आहे. प्रस्ताव दिल्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये.

टप्पा ७: सभागृहातील चर्चेची तयारी करा

रस्त्यांवरील चर्चा तीन ठिकाणी होते: पंचायत समिती, जिल्हा परिषदेची बांधकाम समिती व सर्वसाधारण सभा, आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती. मार्च २०२२ नंतर अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होते आणि त्या काळात सभागृहातील चर्चाच बंद झाली होती. तेथे नव्याने निवडून आलेल्या सदस्यांनी पुढील चार प्रश्नांची तयारी करून जावे, कारण वाद याच चार प्रश्नांवर होतो.

पहिला प्रश्न दायित्वाचा. मागील वर्षी मंजूर झालेल्या पण बिल शिल्लक असलेल्या कामांची रक्कम नवीन तरतुदीतून आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेच्या दीडपट कामांचे नियोजन करण्याची पद्धत आहे. त्यामुळे आराखड्यात आकडा मोठा दिसला तरी नव्या कामांना उरणारी रक्कम कधी कधी फारच थोडी असते. सदस्याने सभेपूर्वी कार्यकारी अभियंत्याकडून लेखाशीर्षनिहाय तरतूद, दायित्व आणि शिल्लक असे तीन आकडे लेखी घ्यावेत. हे आकडे हाती नसताना केलेले भाषण कितीही जोरदार असले तरी ‘निधी उपलब्धतेनुसार’ या एका शेऱ्याने संपते.

दुसरा प्रश्न वाटपाचा. प्रत्येक गटाला, म्हणजे सदस्याच्या मतदारसंघाला, सारखी रक्कम द्यावी ही मागणी सर्वांना मान्य होते, म्हणून ती सहज मंजूर होते. पण डोंगराळ गटात रस्त्याची लांबी जास्त, मोऱ्या जास्त आणि पाऊसही जास्त असतो. तेथे सारखी रक्कम म्हणजे प्रत्यक्षात कमी रक्कम. रस्त्यांची लांबी, स्थिती आणि अवलंबून असलेल्या वस्त्या यांवर आधारित गुणांकन मागावे आणि ते सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

तिसरा प्रश्न नवे काम की दुरुस्ती. नव्या कामाचे भूमिपूजन होते, दुरुस्तीचे होत नाही, त्यामुळे दुरुस्तीची तरतूद सतत मागे पडते. सुस्थितीतल्या रस्त्यावर वेळेवर टाकलेला सीलकोट, म्हणजे डांबराचा पातळ संरक्षक थर, आणि साफ ठेवलेल्या मोऱ्या यांचा खर्च पूर्ण रस्ता पुन्हा बांधण्याच्या खर्चाच्या तुलनेत फार लहान असतो. ज्या सदस्याला आपल्या गटाचे खरे हित साधायचे आहे, त्याने नव्या लांबीइतकाच जोर दुरुस्तीच्या यादीवर द्यावा.

चौथा आणि सर्वांत नाजूक प्रश्न दर्जोन्नतीचा, म्हणजे जिल्हा परिषदेचा रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग करून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे देण्याचा. बाजूने मुद्दा असा की राज्याच्या विभागाकडे निधी व यंत्रणा अधिक असते आणि रुंदी वाढण्याची शक्यता असते. विरोधातील मुद्दा असा की राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या व पूल हा पंचायत राज संस्थांचा विषय आहे, आणि एकेक रस्ता देत गेल्यास जिल्हा परिषदेचे नियंत्रण व त्या लांबीवर मिळणारे अनुदान दोन्ही जाते. माझ्या मते निर्णय रस्त्याच्या वापरावर व्हावा. दोन तालुक्यांची वाहतूक वाहणारा, जड वाहनांचा रस्ता वर्ग करणे योग्य, तर दोन-तीन गावांपुरता रस्ता वर्ग केल्यास तो मोठ्या महामार्गांच्या यादीत तळाला जातो. ना-हरकत ठराव देताना हस्तांतराची तारीख, त्या दिवशीची स्थिती आणि तोपर्यंतची देखभाल कोणी करायची हे लिहून घ्यावे. अन्यथा दोन्ही विभाग ‘रस्ता आमच्याकडे नाही’ असे उत्तर देतात आणि मधली काही वर्षे रस्त्याला कोणीच वाली राहत नाही.

*सावधान:* महत्त्वाचा विषय ऐनवेळच्या विषयांत मांडू नये. विषयपत्रिकेवर नसलेल्या ठरावावर पुढे सहज हरकत घेता येते.

टप्पा ८: मंजुरीनंतरचे कागद

यादीत नाव आले म्हणजे काम मंजूर झाले असे नाही. क्रम असा असतो: प्रशासकीय मान्यता, सविस्तर अंदाजपत्रकावर तांत्रिक मान्यता, निविदा, करारनामा आणि कार्यारंभ आदेश. प्रत्येक कागदाचा क्रमांक व दिनांक स्वतःकडे टिपून ठेवावा. जिल्हा वार्षिक योजनेतून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्च करण्यास मिळालेल्या वर्षासह पुढील वर्षाची अखेर एवढी मुदत असते. त्यानंतर तो परत करावा लागतो. तांत्रिक मान्यता जानेवारीपर्यंत रेंगाळली तर निविदा उन्हाळ्यात निघते, पावसाळा मध्ये येतो आणि दुसरे वर्षही हातचे जाते.

*तपासून पाहा:* तुम्ही सुचवलेल्या मोऱ्या व गटारे अंतिम अंदाजपत्रकात आहेत का? दर वाढल्यामुळे रक्कम बसवताना सर्वांत आधी तीच वगळली जातात.

टप्पा ९: काम सुरू असताना

अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीत लावावी आणि कामाच्या जागी फलक आहे याची खात्री करावी. खडीच्या थरांची जाडी, दबाई आणि थरांमधला मुरूम हे डांबर पडण्यापूर्वीच पाहता येते, म्हणून ग्रामस्थांनी लक्ष ठेवण्याची वेळ तीच आहे. शंका असल्यास काम बळाने अडवू नये. दिनांक, साखळी क्रमांक आणि छायाचित्रासह उपअभियंत्याकडे लेखी तक्रार द्यावी व चाचणी अहवाल मागावा. ओल्या पृष्ठभागावर किंवा पावसात डांबरीकरण सुरू असल्यास त्याच दिवशी कळवावे. सरपंचाने काम समाधानकारक असल्याचा दाखला पूर्ण लांबी चालून पाहिल्याशिवाय देऊ नये, कारण नंतरच्या तक्रारीत तोच दाखला समोर ठेवला जातो.

टप्पा १०: देखभालीची नोंदवही

काम संपल्यावर ग्रामपंचायतीत त्या रस्त्याची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. पहिल्या पानावर रस्त्याचा क्रमांक, कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोष दायित्व कालावधीची अखेर लिहावी. त्यानंतर दर वर्षी मे महिन्यात मोऱ्या व गटारांची आणि ऑक्टोबरमध्ये पृष्ठभागाची पाहणी करून साखळी क्रमांकानुसार नोंद करावी. दायित्व कालावधी संपण्याच्या तीन महिने आधी शाखा अभियंत्यासह संयुक्त पाहणी मागावी आणि आढळलेल्या दोषांची यादी कार्यकारी अभियंत्याला लेखी द्यावी, म्हणजे कंत्राटदाराची अनामत रक्कम परत होण्यापूर्वी दुरुस्ती करून घेता येते. शेतातील नांगरट साइडपट्टीपर्यंत येणे, पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदणे आणि गटारात माती लोटणे या तीन गोष्टींवर ग्रामपंचायतीने त्याच आठवड्यात नोटीस द्यावी. खोदकामाची परवानगी देण्याचा अधिकार रस्त्याची मालकी असलेल्या विभागाचा आहे, म्हणून ग्रामपंचायतीने स्वतःच्या लेटरहेडवर अशी परवानगी देऊ नये. पुढील ऑगस्टच्या ग्रामसभेत ही नोंदवही वाचून दाखवावी आणि त्यातील नोंदींवरूनच पुढच्या वर्षाच्या दुरुस्तीचा ठराव तयार करावा.